ताब्याआधी घर कोणाचं?

घर घेताना आपल्या लोकांच्या तोंडी एक वाक्य फार लवकर येतं, ‘मिळतंय हेच खूप आहे.’ मुंबईत किंवा पुण्यात भाड्याची जागा शोधताना नाव सांगितल्यावर फोनवरचा आवाज कसा बदलतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. मालकाचा विचार अचानक बदललेला असतो, नाहीतर जागा कालच गेलेली असते. चार-पाच वर्षं हे ऐकून झालं की आपल्या वस्तीत, ओळखीच्या माणसामार्फत जे घर मिळतं त्याच्या कागदांत आणि भिंतींत डोकं घालायचं धाडस उरत नाही. पैसे आपण मोजतो आणि उपकारही आपल्यावरच झालेला असतो.

भेदभावाबद्दल मला इथे फारसं लिहायचं नाही. ते पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते त्या ‘हेच खूप’मुळे पुढे काय होतं त्याबद्दल. पैसे गेलेत, चावी आलेली नाही, अशा मधल्या काळात घराला काही झालं तर ते कुणाच्या अंगावर? आणि बांधतानाच जे बिघडलंय ते कुणाचं?

माझ्या आपाने, थोरल्या बहिणीने, २०२१ साली पनवेलच्या पुढे एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. दुल्हाभाईंची कुवेतमधली बावीस वर्षं त्या फ्लॅटमध्ये आहेत. कर्ज काढलं नाही. व्याज द्यायचं नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा निश्चय आणि तो त्यांनी पाळला. बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते जात राहिले. जोत्याचा हप्ता, प्रत्येक स्लॅबचा हप्ता, मग विटकाम, गिलावा, फरशी. करारनाम्यात ताब्याची तारीख डिसेंबर २०२३ होती. ती आली आणि गेली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. कर्ज काढणाऱ्याच्या घराकडे बँक स्वतःच्या स्वार्थासाठी का होईना, बघते. तिचा वकील मालकीचे कागद तपासतो, तिचा माणूस जागेवर जाऊन येतो. ही तपासणी ग्राहकासाठी नसते, बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून असते. तरी एक परका डोळा फिरतो. व्याज टाळणाऱ्यांच्या वाट्याला तोही येत नाही. बिल्डर मात्र अशा गिऱ्हाइकावर खूश असतो, चेक वेळेवर येतो आणि प्रश्न येत नाहीत. म्हणून बिनकर्जाचं घर घेणाऱ्याने वकिलाची आणि इंजिनिअरची फी पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेवावी. वीस वर्षांच्या व्याजापुढे ती काहीच नाही.

जुलै २०२४ मध्ये इमारत बाहेरून पूर्ण दिसत होती. रंगही लागला होता. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते मात्र आलेलं नव्हतं. एका रात्रीच्या पावसात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं. मीटर रूम बाहेरच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली बांधलेली. पाणी तिथे शिरलं आणि विजेचं मुख्य पॅनेल जळालं. त्याच पावसात आपाच्या हॉलमध्ये, पश्चिमेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून ओल उतरली. बोट लावलं की पुट्टी पापडासारखी सुटायची.

पंधरा दिवसांनी बिल्डरच्या ऑफिसातून सगळ्या फ्लॅटधारकांना पत्र आलं. नैसर्गिक आपत्तीमुळे पॅनेलचं नुकसान झालं आहे, दुरुस्तीसाठी प्रत्येकाने अठरा हजार रुपये भरावेत, आणि यापुढे आपापल्या फ्लॅटचा विमा ज्याने त्याने उतरवावा. ओलीबद्दल पत्रात अक्षर नव्हतं. फोन केला तर ऑफिसातला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, पहिल्या पावसात नवी बिल्डिंग पाणी पितेच. दोन वर्षांत आपोआप बंद होईल.’

व्हॉट्सअॅप ग्रुपवर निम्म्या लोकांनी त्याच संध्याकाळी पैसे भरायची तयारी दाखवली. एकाने लिहिलं, ‘भाई, झगडा मत करो, पहले घर तो मिलने दो.’ आपा मला म्हणाली, ‘अठरा हजारांनी आपण मरत नाही. भरून टाकू.’ दुल्हाभाई काही बोलले नाहीत. ते कुवेतमध्येही असेच गप्प राहत असावेत, असं मला तेव्हा वाटलं.

मी शाळेत मराठी शिकवते. कायद्याशी माझा संबंध परिपत्रकांपुरता. पण करारनामा हाही शेवटी मजकूरच आहे आणि मजकूर वाचायची मला सवय आहे. दोन रविवार मी तो घेऊन बसले. जिथे अडले तिथे एका ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं.

त्यांनी सर्वांत आधी दाखवला तो रेरा नव्हताच. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ५५मध्ये विकणारा आणि घेणारा यांची कर्तव्यं दिली आहेत. विक्रीचा करार झाला पण ताबा दिला नाही, अशा मधल्या काळात मालमत्तेची काळजी एखाद्या समजूतदार मालकाने घ्यावी तशी विकणाऱ्याने घ्यायची. आणि मालकी घेणाऱ्याकडे गेल्यानंतर जे नुकसान विकणाऱ्यामुळे झालेलं नाही, ते घेणाऱ्याने सोसायचं. म्हणजे सीमारेषा कुठे आहे ते इंग्रजांच्या काळापासून लिहिलेलं आहे. आपाच्या बाबतीत ना ताबा मिळाला होता, ना मालकी आली होती. मग पॅनेल तिचं कसं?

दुसरी गोष्ट रेराची. २०१६चा हा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७पासून पूर्णपणे लागू आहे. त्यातलं कलम १४ प्रत्येक घर घेणाऱ्याने वाचावं. ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष, सेवांमधली त्रुटी बिल्डरच्या नजरेला आणून दिली, तर तीस दिवसांत ती फुकट दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नाही केली तर भरपाई. पहिल्या पावसात पाणी पिणाऱ्या इमारतीला या कायद्यात सवलत नाही.

विम्याचा भाग मला सगळ्यांत कठीण गेला, कारण तिथे आम्हा सगळ्यांचाच समज वेगळा होता. विमा म्हणजे घराला काही झालं की पैसे मिळतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विमा अपघाताचा असतो, वाईट कामाचा नसतो.

बांधकाम चालू असताना बिल्डर किंवा ठेकेदार जी पॉलिसी घेतो तिला ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ म्हणतात. नावात ‘ऑल’ असलं तरी तिच्या प्रचलित मसुद्यात चुकीचा आराखडा वगळलेला असतो, आणि निकृष्ट माल किंवा निकृष्ट काम पुन्हा करून देण्याचा खर्चही. समजा, कच्चं बांधलेलं कुंपण कोसळलं आणि शेजारच्या चांगल्या भिंतीवर पडलं. तर चांगल्या भिंतीचे पैसे मिळू शकतात, कुंपणाचे नाहीत. आणि इमारतीचा जो भाग ताब्यात दिला किंवा वापरात आला, त्याच्यापुरतं हे संरक्षण तिथेच संपतं. हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कुणी ओसीआधी राहायला आलं की त्या भागावरचं पांघरूण निघालं, आणि आपलं स्वतःचं तर अजून घातलेलंच नाही.

घरमालक जी पॉलिसी घेतो तिचं उदाहरण म्हणजे ‘भारत गृह रक्षा’. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१पासून सगळ्या कंपन्यांना एकाच साच्यात विकायला लावलेली ही पॉलिसी. आग, भूकंप, वादळ, पूर हे सगळं त्यात आहे. जमीन खचण्याचाही समावेश आहे. पण त्याच परिच्छेदात खाली अपवाद आहेत. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि त्याने पडणाऱ्या भेगा, सदोष आराखडा, सदोष काम, सदोष माल, यांचे पैसे मिळणार नाहीत. तेव्हा ‘आपापला विमा उतरवा’ असं बिल्डरने लिहिलं तेव्हा तो आम्हाला अशा औषधाकडे पाठवत होता, ज्याच्या बाटलीवरच लिहिलंय की या आजारावर चालत नाही. ओलीचा इलाज विमा कंपनीकडे नव्हता. तो त्याच्याकडे होता.

पॅनेलचा प्रश्न जरा निराळा. पाऊस नैसर्गिक होता हे खरं. मीटर रूम एक पायरी खाली कुणी घेतली? ती पावसाने घेतली नाही.

रेराच्या कलम १६मध्येही विम्याचं आहे. सरकार अधिसूचित करील ते विमे, जमीन-इमारतीच्या मालकी हक्काचे आणि बांधकामाचे, बिल्डरने घ्यायचे, हप्ताही त्यानेच भरायचा. विक्रीचा करार झाला की त्यांचा लाभ घेणाऱ्याकडे जातो, आणि संस्था स्थापन झाल्यावर कागदपत्रं संस्थेला द्यायची. ‘अधिसूचित करील’ या दोन शब्दांवर पुष्कळ वाद घालता येतो. पण एवढं नक्की की पॉलिसी आहे का, असेल तर दाखवा, हे विचारणं आगाऊपणा नाही.

हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा दुल्हाभाई पहिल्यांदा बोलले. म्हणाले, ‘हे तर आपल्याकडे आधीपासून आहे.’ मग त्यांनी कब्जाचा मुद्दा काढला. विकलेली वस्तू घेणाऱ्याच्या कब्जात जाण्याआधी नष्ट झाली तर नुकसान विकणाऱ्याचं, ही गोष्ट हनफी आणि शाफई दोन्ही मानतात. आम्ही कोकणी शाफई, दुल्हाभाईंना या फरकांची चांगली माहिती आहे. पुढे १८६९ ते १८७६ या काळात ऑटोमन सरकारने ‘मजल्ला’ नावाची संहिता केली, तिच्या कलम २९३मध्येही हेच आहे. वस्तूत दोष निघाला तर सौदा मोडायचा अधिकार घेणाऱ्याला असतो, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या पैगंबरांचा प्रसंग तर आपण मदरशात ऐकलेला असतो. व्यापारी म्हणाला होता की पाऊस लागला. त्यांनी विचारलं, मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं.

मला त्या प्रसंगात नेहमी लक्षात राहतं ते हे, की पाऊस लागला यावरून त्या व्यापाऱ्याला कुणी दोष दिला नाही. ओल झाकली यावरून दिला.

आम्ही पत्र लिहिलं. पैसे भरणार नाही, कारण ताबा झालेला नाही. पॅनेल पुन्हा जुन्या जागी बसवू नये. बांधकामाच्या विम्याची प्रत द्यावी. फ्लॅट क्रमांक अमुकमध्ये ओल आहे, तारखेसह छायाचित्रं जोडली आहेत. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. व्हॉट्सअॅपवर ‘सर प्लीज लुक इनटू इट’ लिहिणं आणि पोस्टाची पावती हातात असणं यांत फार फरक आहे. सुरुवातीला सह्या सात होत्या. महिन्याभरात सव्वीस झाल्या. अठरा हजारांची मागणी पुन्हा कुणी काढली नाही. पॅनेल नवं आलं, एका उंच ओट्यावर बसलं. पैसे बिल्डरने दिले की त्याच्या विमा कंपनीने, ते आम्हाला कधी कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती.

खरी परीक्षा जानेवारी २०२५मध्ये आली. पुन्हा एक पत्र, या वेळी गोड. ओसी लवकरच अपेक्षित आहे. तोपर्यंत फर्निचरच्या कामासाठी ताबा घ्यावा. सोबत ताबापत्राचा छापील नमुना. त्यात एक वाक्य होतं: मी सदनिकेची पूर्ण पाहणी केली असून बांधकामाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व यापुढील सर्व नुकसानीची जबाबदारी माझी राहील.

रमजान मार्चच्या सुरुवातीला होता. आपाला पहिला रोजा नव्या घरात सोडायचा होता. भाड्याच्या घराचा करारही संपत आला होता. चार कुटुंबं तर राहायलाही आली होती, टँकरच्या पाण्यावर आणि बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर. आपा म्हणाली, ‘ते राहतात ना? त्यांना काय झालं?’ तिने न्हाणीघरात वजूसाठी खालच्या बाजूला एक नळ आणि बसायला छोटा ओटा करून घ्यायचं ठरवलं होतं. मिस्त्रीही बघून ठेवला होता.

त्या नळावरून आमचं भांडण झालं. कारण महारेराच्या नमुना करारनाम्यात, आणि तिच्याही, अशी अट आहे की घेणाऱ्याने परवानगीशिवाय बांधकामात फेरफार करायचे नाहीत. न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या नळजोडणीत बदल केला आणि गळती झाली, तर बिल्डरची दोषाची जबाबदारी तिथेच संपते. एका वजूच्या नळासाठी पाच वर्षांचा हक्क. शिवाय ताबापत्रावर जानेवारीची तारीख पडली, तर पाच वर्षं तेव्हापासून मोजायला बिल्डर मोकळा, आणि ओसी येईल तेव्हा येईल.

आणि ‘त्यांना काय झालं’ याला माझ्याकडे एक उत्तर होतं, जे मला द्यायचं नव्हतं. आमचं मूळ गाव महाड तालुक्यातलं. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजल्यांची इमारत पडली. सोळा माणसं गेली. इमारत जुनाट नव्हती, जेमतेम दहा वर्षांची. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला, ते आम्ही सगळ्यांनी फोनवर रडत बघितलं. आपाही होती. त्याच्या आधी, ४ एप्रिल २०१३ रोजी, मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पडली तेव्हा ती अजून बांधली जात होती. वर मजले चढत होते आणि आत कामगार आणि त्यांची कुटुंबं राहत होती. चौऱ्याहत्तर माणसं गेली. त्या इमारतीला परवानगी नव्हती. आपाच्या इमारतीला आहे, आराखडे मंजूर आहेत, रेरा क्रमांक आहे, दोन्ही एका मापाने मोजणं बरोबर नाही. हे मी तिला सांगितलंही. पण बांधून झालेलं दिसणं आणि राहायला योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये जो कागद लागतो तो अजून आलेला नाही, एवढं मला म्हणायचं होतं. आपा उठून आत गेली. चहा तिने केला, पण आणून भाच्याने दिला.

फेब्रुवारीत अब्बांचे एक मित्र आले. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पिशवीत ओळंबा, पाणसळ, एक टेस्टर आणि एक रुपयाची नाणी. मी म्हटलं, ‘चाचा, ही ओल बघा.’ ते म्हणाले, ‘भिंत ओली झाली ते सोड. पाणी कुठून आलं ते बघू.’

तीन तास ते त्या फ्लॅटमध्ये फिरले. नाण्याने फरशी वाजवत गेले, जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने फुली. हॉलमध्ये अकरा फुल्या. न्हाणीघराच्या दारात त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी नहाणी ट्रॅपकडे जायच्याऐवजी उंबऱ्याकडे आलं. मग ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन बोटं पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत बघायला सांगितलं. ते कोरडं निघालं, अल्हम्दुलिल्लाह. स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीचा कठडा आतल्या बाजूला उतरता होता, म्हणजे पावसाला घरात यायचं निमंत्रण. भेगांच्या बाबतीत ते म्हणाले की गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका, सुकताना त्या पडतातच. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे सरळ रेघ दिसली तर आत जाळी मारलेली नाही असं समजा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आणि वाढत गेली, तर मात्र मला फोन करा.

निघताना ते पार्किंगमध्ये एका कॉलमपाशी थांबले. खालच्या फूटभर भागात गिलावा वेगळ्या रंगाचा होता. किल्लीने खरवडला तर आत काँक्रीट जाळीदार, खडी उघडी. नीट दाबून न भरलेल्या काँक्रीटमध्ये अशा पोकळ्या राहतात आणि त्यातून पाणी सळईपर्यंत जातं. ‘हे आधी,’ ते म्हणाले. ‘फरशी नंतर.’

कॉलम आपाच्या फ्लॅटमध्ये नव्हता. तो सगळ्यांचा होता. ग्रुपवर त्याचा फोटो टाकला तेव्हा पहिल्यांदा कुणी ‘झगडा मत करो’ लिहिलं नाही.

रमजान आपाने भाड्याच्याच घरात काढला. ती माझ्याशी महिनाभर नेमकं कामापुरतं बोलली. ईदला मिठी मारली तेव्हा ‘तुझा तो कॉलम’ एवढंच म्हणाली. कॉलमचं काम दरम्यान झालं. बिल्डरच्याच सल्लागार इंजिनिअरने सैल काँक्रीट काढून दुरुस्ती केली, चाचांनी समोर उभं राहून बघितली. त्याचा लेखी अहवाल मागितला आणि तो मिळाला. एप्रिलमध्ये ओसी आलं. कायद्याने ओसीनंतर दोन महिन्यांत ताबा घेणं आपलं कर्तव्य आहे, त्यामुळे विनाकारण ताणून धरण्यातही अर्थ नव्हता. मे महिन्यात ताबापत्रावर सही झाली. छापील वाक्य खोडून तिथे लिहिलं, ‘सोबतच्या यादीतील तेवीस दोषांच्या अधीन राहून’, आणि यादीच्या प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या. ऑफिसातला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, असं कोणी करत नाही.’ मग त्याने साहेबांना फोन लावला आणि शिक्का मारला.

तेवीसपैकी सोळा दुरुस्त झाले आहेत. खिडकीचा कठडा तोडून नवा केला, या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली.

एक गोष्ट आमच्या घरात अजून सुटलेली नाही. उशिरा ताबा दिल्याबद्दल रेराप्रमाणे व्याज मागता येतं. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या कर्जदरापेक्षा दोन टक्के जास्त धरतात. रक्कम लहान नाही. दुल्हाभाई म्हणतात, जे द्यायचं नाही म्हणून बावीस वर्षं वाट पाहिली ते घ्यायचं कसं? वकीलबाई म्हणतात, नाव व्याज असलं तरी ती भरपाई आहे, घ्या आणि हवं तर दान करा. भाचा म्हणतो, सोडून दिलं तर बिल्डर पुढच्या इमारतीतही हेच करील. मला तिघांचंही पटतं.

ऑगस्टमध्ये नव्या सोसायटीची सभा झाली. पहिलाच विषय इमारतीच्या विम्याचा निघाला. चौथ्या मजल्यावरच्या हाफिजसाहेबांनी हात वर केला. १९८५ साली जेद्दातल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने व्यापारी विमा नाजायज ठरवला आहे आणि सहकारी पद्धतीचा विमा जायज, मग आपण हे कसं करतो, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. कुणीतरी म्हणालं की गाडीचा विमा तर तुम्हीही काढता. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘तो कायद्याने सक्तीचा आहे. हा नाही.’ दुसऱ्या एकाने सांगितलं की दंगलींतलं नुकसान पाहून आपल्याच देशातल्या काही उलेमांनी मालमत्तेच्या विम्याला गरज म्हणून मुभा दिली आहे. तासभर चर्चा झाली, आवाज एकदाही चढला नाही. शेवटी ठरलं की आग, भूकंप आणि पुरासाठी इमारतीची पॉलिसी घ्यायची. हाफिजसाहेबांची हरकत कार्यवृत्तात नोंदवायची. आणि त्यांच्या सूचनेवरून एक वेगळा दुरुस्ती निधीही सुरू करायचा, ज्यात ते स्वतः सगळ्यात आधी पैसे भरणार होते. त्यांनी भरले.

बांधकामाच्या काळातल्या विम्याचे कागद सोसायटीला अजून मिळालेले नाहीत. सचिवांनी दोन पत्रं पाठवली. तिसऱ्याचा मसुदा मागच्या आठवड्यात माझ्याकडे आला, मराठी तपासून द्या म्हणून. मी ‘कृपया’ एकदाच ठेवलं, कलम १६चा उल्लेख पहिल्या ओळीत घेतला, आणि राहिलेल्या सात दोषांची यादी खाली जोडून परत पाठवला. वजूचा नळ त्या यादीत नाही. त्यासाठी आपाने बिल्डरकडे लेखी परवानगीचा अर्ज केला आहे, स्वतःच्या हाताने लिहून.